कारखान्याच्या चौकटीचा कोपरा

वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात औद्योगिक इमारतींचा भाग आला की विद्यार्थ्याला एक आकृती हमखास काढावी लागते. दोन उभे खांब, त्यांच्या माथ्यावरून तिरपे चढत जाऊन आढ्यापाशी एकमेकांना मिळणारे दोन वासे, आणि खांब व वासा जिथे जोडले जातात तिथे वळचणीखाली बसवलेला एक त्रिकोणी पोलादी तुकडा. हीच पोर्टल चौकट. त्या त्रिकोणी तुकड्याला इंजिनियर मंडळी 'हाँच' म्हणतात. आकृती पुरी करून, मापे टाकून, बोल्ट मोजून विद्यार्थी मोकळा होतो. तो तुकडा तिथे कशाला हवा, हे परीक्षेत क्वचितच विचारले जाते. त्यामुळे वर्गातही त्याची चर्चा होत नाही. आम्हाला मात्र असे वाटते की साऱ्या आकृतीत विचार करण्याजोगी जागा तेवढी एकच आहे. तो कोपरा घट्ट का करायचा, आणि तो किती भार सोसेल हे कसे ठरवायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात सुमारे शंभर वर्षे गेली. हा इतिहास शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या आधाराने सहज समजू शकतो, म्हणून तो शिक्षकांपुढे मांडत आहोत.

प्रथम एक साधा प्रयोग. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या आणि टोकांना टाचण्या टोचून त्यांचा चौकोन करा. एका बाजूने बोटाने ढकलले की चौकोन तिरपा होऊन आडवा पडतो. पट्ट्यांच्या लांबीत काही फरक पडलेला नसतो. बदलतात ते फक्त कोन. आता हा चौकोन उभा ठेवायचा तर तीन उपाय आहेत. एक, कर्णाची पाचवी पट्टी लावावी, म्हणजे दोन त्रिकोण तयार होतात आणि त्रिकोणाच्या बाजू ठरल्या की कोनही ठरतात. दुसरा, चौकोनावर सबंध पुठ्ठा चिकटवावा. भिंत हेच काम करते. तिसरा, टाचण्या काढून कोपरेच पक्के चिकटवावेत.

कारखान्याला पहिले दोन उपाय इमारतीच्या आडव्या दिशेने चालत नाहीत. मध्ये भिंत नको, कर्णाचा दांडा नको. यंत्रे, गाड्या आणि माणसे यांना जागा मोकळी हवी. म्हणून तिसरा उपाय. पोर्टल या शब्दाचा अर्थच दार. आपल्याकडचा सुतार दाराची चौकट करतो, पण ती भिंतीत बसवली की भिंत तिला सांभाळते. कारखान्याच्या चौकटीला सांभाळणारे कोणी नसते. उलट तिनेच पत्रे, पाऊस आणि वारा सांभाळायचा असतो.

कोपरा पक्का केल्याने वाऱ्याचा प्रश्न सुटतो, पण तेवढ्यावर भागत नाही. उभ्या भाराचाही हिशेब बदलतो. दोन टेकूंवर नुसती ठेवलेली तुळई घ्या. तिच्यावर सर्वत्र सारखा पसरलेला एकूण भार 'भ' आणि दोन टेकूंमधले अंतर 'ल' असेल, तर मध्यभागी तिला वाकवणारा जोर, म्हणजे नमन परिबल, भ×ल÷८ एवढे असते. टोकांशी ते शून्य. आता तीच तुळई दोन्ही टोकांना अगदी घट्ट धरली तर टोकांशी भ×ल÷१२ आणि मध्यभागी भ×ल÷२४ असे परिबल येते. एक बारावा अधिक एक चोविसावा म्हणजे पुन्हा एक अष्टमांश! वाचकांनी ही बेरीज लक्षात ठेवावी, पुढे ती फार उपयोगी पडणार आहे. समतोलाच्या नियमानुसार टोकाचे आणि मधले मिळून एक अष्टमांश हे ठरलेले असते. त्यातला किती वाटा कोपऱ्याने घ्यायचा आणि किती मध्याने, हे मात्र समतोलाचे नियम सांगत नाहीत.

कोपऱ्याने वाटा घेतला की तिथे जोर एकवटतो. तिथे पोलाद अधिक खोल हवे, म्हणूनच तो त्रिकोणी तुकडा. कोपऱ्यातून हा जोर खांबात उतरतो आणि खांबाचे पाय बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात. प्लॅस्टिकची लवचीक पट्टी कमानीसारखी वाकवून टेबलावर उभी करा आणि वरून दाबा. टोके घसरून पसरतात. पोर्टल चौकटीचा पाया हे पसरणे रोखण्याइतका मजबूत असावा लागतो.

आता इतिहासाकडे वळू. १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी लोखंड व काच यांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभा राहत होता. तेव्हा इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी तो वाऱ्यात टिकेल का अशी शंका जाहीरपणे घेतली होती. एवढे बारीक खांब, भिंती काचेच्या आणि कर्णाचे दांडे थोडेच, मग आडवा जोर पेलणार कोण? बांधणाऱ्यांचे उत्तर असे की खांबांना जोडणाऱ्या जाळीच्या तुळया तीन फूट खोल आहेत, त्या खांबांना वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरतात, त्यामुळे कोन बदलत नाही. इमारत टिकली. पण एअरींची शंका गैरवाजवी होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळी कोपऱ्याच्या ताठपणावर अख्खी इमारत सोपवणे हे धाडसच होते.

हे धाडस पूर्णपणे अंगावर घेतले ते एका लष्करी इंजिनियराने. गॉडफ्रे ग्रीन हे बंगाल इंजिनियर्समध्ये नोकरी करून इंग्लंडला परतले होते आणि तिथे आरमाराच्या बांधकाम खात्याचे प्रमुख झाले होते. त्यांनी शीअरनेस येथील गोदीत होड्या ठेवण्यासाठी चार मजली कोठार बांधले, १८५८ ते १८६० या काळात. लांबी २१० फूट, रुंदी १३५ फूट. खांब बिडाचे, इंग्रजी एच अक्षराच्या छेदाचे. लांबीच्या दिशेने घडीव लोखंडाच्या, रिव्हेट मारलेल्या तुळया. बाहेरून पन्हळी पत्रे आणि खिडक्यांच्या लांबच लांब रांगा. भार घेणारी भिंत नाही, कर्णाचे दांडेही नाहीत. वाऱ्याविरुद्ध ही इमारत उभी आहे ती केवळ खांब आणि तुळया यांच्या घट्ट सांध्यांवर. ती आजही उभी आहे. गंमत अशी की आरमाराच्या गोदीत बाहेरच्यांना मज्जाव असल्याने शंभर वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ए. डब्ल्यू. स्केम्प्टन या अभियंत्याने तिचा अभ्यास करून संरचनांच्या इतिहासात तिला जागा मिळवून दिली. तोवर चौकटीच्या इमारतींचा इतिहास शिकागोच्या उंच इमारतींपासून सांगण्याचा प्रघात होता. ग्रीन यांची इमारत त्यांच्याआधी पंचवीसएक वर्षे उभी राहिलेली आहे.

ग्रीन यांनी कोपरा घट्ट केला खरा, पण त्यात नेमका किती जोर येतो हे काढण्याची सोपी रीत तेव्हा हाती नव्हती. आणि इथे एक जुनी अडचण आडवी येते. शाळेतले चार पायांचे टेबल आठवा. तिवई कुठेही ठेवा, ती डुगडुगत नाही आणि तिच्या प्रत्येक पायावर किती भार येतो हे समतोलाच्या नियमांनी काढता येते. टेबलाचे तसे नाही. फरशी केसभर खाली-वर असली की एक पाय अधांतरी राहतो आणि भाराची वाटणी पार बदलते. चार अज्ञाते आणि तीनच समीकरणे! अशा रचनांना अनिर्धार्य म्हणतात. पाय पक्के रोवलेली पोर्टल चौकट अशीच अनिर्धार्य, तीही तीन पदरी: अज्ञाते समीकरणांपेक्षा तीनने जास्त.

एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांनी यातून काढलेली पळवाट मोठी देखणी होती. चौकटीत तीन बिजागऱ्या घालायच्या, दोन पायथ्याशी आणि एक माथ्यावर. बिजागरीपाशी नमन परिबल शून्य असते, म्हणजे तीन जास्तीच्या गोष्टी आधीच ठरल्या. आता चौकट तिवईसारखी झाली. पाया थोडा खचला किंवा उन्हाने लोखंड प्रसरण पावले तरी ती बिजागऱ्यांवर किंचित फिरते, आत ताण साठत नाही. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनातले यंत्रांचे दालन याच तत्त्वावर उभे होते. वास्तुकार दुतेर आणि अभियंता कोंतामँ यांनी सुमारे १११ मीटर रुंद आणि ४२० मीटर लांब जागेवर एकही मधला खांब न घेता छप्पर घातले. हे दालन १९१० मध्ये पाडले गेले.

वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याने याच्या जोडीला बर्लिनमधला टर्बाइनचा कारखाना पाहावा, निदान छायाचित्रात. ए.ई.जी. कंपनीसाठी पीटर बेहरेन्स यांनी तो १९०९ मध्ये बांधला. अभियंता कार्ल बर्नहार्ड. रस्त्याच्या बाजूला पोलादी चौकटींची रांग आहे आणि प्रत्येक चौकटीच्या पायथ्याशी मोठी बिजागरी. ती लपवलेली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात, जोत्यावर, दागिन्यासारखी मांडलेली आहे. पण त्याच इमारतीच्या दर्शनी कोपऱ्यांवर बेहरेन्सनी काँक्रीटचे जाडजूड दिसणारे बुरूज उभे केले. ते भार घेत नाहीत, नुसते पातळ आवरण आहे, हे बर्नहार्डनी त्या काळीच उघडपणे बोलून दाखवले. एका बाजूला खरे बोलणारी बिजागरी, दुसऱ्या बाजूला खोटे बोलणारा बुरूज! बेहरेन्सच्या कचेरीत त्या सुमारास उमेदवारी करणाऱ्या तरुणांत मीस फान डेर रोह होते. त्यांनी पुढे शिकागोत वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयासाठी क्राऊन हॉल ही इमारत बांधली, १९५६ साली पूर्ण झाली. तिच्या चार पोलादी चौकटी छपराच्या वरून जातात, छप्पर त्यांना टांगलेले आहे, आणि १२० फूट रुंदीत आत एकही खांब नाही. कारखान्याची चौकट अशी वास्तुशास्त्राच्या वर्गाच्याच डोक्यावर गेली.

बिजागरी ही शेवटी पळवाटच. ती महाग पडते, आणि तिने कोपऱ्याचा प्रश्न सुटत नाही. वळचणीचा सांधा घट्टच ठेवावा लागतो. विसाव्या शतकात काँक्रीट आणि पुढे वेल्डिंग आले, तसे घट्ट कोपरे सोपे झाले आणि अनिर्धार्य चौकटींची संख्या वाढत गेली. गणित होते, पण अनेक अज्ञातांची एकसमयी समीकरणे हाताने सोडवायची म्हणजे एका इमारतीला आठवडे लागत. १९३० मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस यांनी अवघ्या दहा पानांचा लेख प्रसिद्ध केला. सगळे सांधे प्रथम घट्ट धरले आहेत असे समजायचे, मग एकेक सांधा मोकळा सोडून तिथला शिल्लक जोर शेजारच्या दांड्यांत त्यांच्या ताठपणाच्या प्रमाणात वाटायचा, आणि शिल्लक नगण्य होईपर्यंत हे करत राहायचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार एवढेच पुरे. त्या दहा पानांवर झालेली चर्चा छापायला शंभराहून अधिक पाने लागली. पुढच्या कित्येक पिढ्यांनी चौकटी याच रीतीने सोडवल्या.

म्हणजे प्रश्न सुटला असे वाटावे. पण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळेच काही घडत होते. पोलादी इमारतींच्या आकडेमोडीचे नियम तपासण्यासाठी १९२९ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे तांत्रिक काम जॉन बेकर या तरुण अभियंत्याकडे होते. बेकर यांनी आधी हवाई जहाजांच्या सांगाड्यांवर काम केलेले होते. त्यांनी लंडनमध्ये बांधकाम चालू असलेल्या हॉटेल, कचेऱ्या, सदनिका अशा इमारतींच्या पोलादावर ताणमापक बसवले आणि प्रत्यक्ष ताण मोजले. मोजलेले आकडे आणि कागदावरचे आकडे यांचा मेळच बसेना. नट-बोल्टचा सांधा कागदावर एकतर बिजागरी असतो किंवा पूर्ण ताठ. प्रत्यक्षात तो मधेच कुठेतरी असतो. खांब किंचित आखूड पडला, पाया दोन मिलिमीटर खचला, की ताणांची वाटणी बदलते. चार पायांच्या टेबलाचीच गोष्ट! आणि तरीही इमारती उभ्या होत्या. समितीने १९३६ मध्ये काम संपवताना सुधारित रीत सुचवली. ती इतकी किचकट होती की व्यवहारात कोणी तिच्या वाटेला फारसे गेले नाही.

आमच्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. आकडेमोड बिनचूक होती. चुकत होता तो तिला विचारलेला प्रश्न. बेकर यांनी ब्रिस्टलमध्ये १९३६ पासून दुसराच प्रश्न हाती घेतला: चौकटीत आज किती ताण आहे हे राहू द्या, ती पडते कशी ते पाहू.

पोलादाची तार ताणली तर प्रथम ती भाराच्या प्रमाणात लांबते, हूकचा नियम. साध्या पोलादात ताण दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटनवर पोचला की ती नमते. भार फारसा न वाढवताही लांबत जाते, तुटत मात्र नाही. तुटेपर्यंत ती २० टक्क्यांहून अधिक लांबू शकते. बिडाजवळ हा गुण नाही, ते तडकते. तुळईत जिथे परिबल सर्वाधिक तिथला सबंध छेद असा नमला की ती जागा गंजलेल्या बिजागरीसारखी वागते: फिरते, पण एक ठरावीक जोर धरून ठेवूनच. १९१४ मध्ये हंगेरीतील गाबोर काझिन्त्सी यांनी टोके घट्ट धरलेल्या पोलादी तुळयांवर प्रयोग करून हे दाखवले होते. तुळई टोकांशी नमली म्हणून पडत नाही. मध्यभागीही नमली, म्हणजे अशा तीन बिजागऱ्या झाल्या, की मगच पडते.

आता आपली ती बेरीज घेऊ. टोकाचे आणि मधले मिळून एक अष्टमांश. पडण्याच्या वेळी दोन्ही जागी पोलादाची पूर्ण ताकद लागलेली असते. तुळई सर्वत्र सारखी असेल तर दोन्हीकडचे परिबल सारखे, म्हणजे भ×ल÷१६. इथे भाग १२ ऐवजी १६ ने आला. त्याच तुळईवर एक तृतीयांश भार जास्त बसतो असे दिसते. पण खरा लाभ निराळाच. सांधा किती ताठ होता, पाया किती खचला, खांब किती आखूड होता, यांतले काहीही या उत्तरात येत नाही. सुरुवातीची वाटणी कशीही असो, शेवटची वाटणी तीच. टेबलाचे चारही पाय मऊ असतील तर पुरेशा भाराखाली ते सारे जमिनीला टेकतातच!

या विचाराचा पहिला मोठा उपयोग कारखान्यात झाला नाही, तो घरांत झाला. लंडनवर बॉम्ब पडत असताना १९४१ मध्ये बेकर यांनी घरात ठेवायचा आसरा आखला. गृहमंत्र्यांच्या नावावरून त्याला मॉरिसन आसरा म्हणत. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वर पोलादी पत्रा, चार पाय, बाजूंना जाळी. दिवसा जेवायचे टेबल, रात्री त्याच्याखाली झोपायचे. ३५९ सुटे भाग घरी येत आणि माणसे ते बोल्टने स्वतः जोडत. घर कोसळल्यावर न वाकणारा आसरा करायचा तर तो अतोनात जड झाला असता. बेकर यांनी तो वाकू दिला. पडणाऱ्या घराची ऊर्जा पोलादाच्या वाकण्यात खर्च व्हावी आणि वाकूनही खाली माणसापुरती जागा उरावी, असा हिशेब केला. १९४१ अखेर पाच लाखांवर आसरे वाटले गेले. वाईट पडझड झालेली ४४ घरे पुढे तपासली गेली. त्यांतील आसऱ्यांत १३६ माणसे होती; तीन दगावली.

युद्धानंतर बेकर केंब्रिजला होते. १९४८ मध्ये ब्रिटिश मानकाने या रीतीला परवानगी दिली, आणि तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक ठरली ती एकमजली कारखान्याची पोर्टल चौकट. पूर्ण आकाराच्या चौकटी उभारून, त्या पडेपर्यंत भार लादून पडताळणी झाली. पाय रोवलेली चौकट पडायला चार बिजागऱ्या लागतात, पायाशी आधीच बिजागऱ्या असतील तर आणखी दोन पुरतात. त्या कुठे होतील याचा अंदाज घेणे हेच गणित. हाँच लांब केला तर बिजागरी सांध्यातून खांबात किंवा वाशात ढकलता येते. सांधा हा सर्वांत नाजूक भाग, त्याला यातून वाचवायचे. सुरुवातीच्या आकृतीतल्या त्रिकोणी तुकड्याचे हे दुसरे प्रयोजन. वास्तुशास्त्राच्या वर्गात ते सहसा सांगितले जात नाही.

आपल्या देशात हा विषय कागदावर लवकर आला. भारतीय मानक संस्थेने या रीतीवर १९७२ मध्येच पुस्तिका काढली. १९८७ मध्ये क्रेनविरहित पोर्टल चौकटींची स्वतंत्र पुस्तिका आली आणि त्याच वर्षी कैच्यांच्या छपरांचीही. प्रत्यक्षात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर महाराष्ट्रात ज्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथे बराच काळ कैचीचेच राज्य होते. ते स्वाभाविकही होते. कैचीला अँगलचे हलके तुकडे लागतात, पोलाद कमी लागते, मजुरी जास्त. आणि आपल्याकडे पोलाद महाग, मजुरी स्वस्त. पोर्टल चौकटीचे गणित याच्या नेमके उलटे. मर्यादा-अवस्थेची रीत मुख्य धरणारे आपले पोलादी बांधकामाचे मानक आले ते २००७ मध्ये.

गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या औद्योगिक वसाहतींत जी शेड सर्रास दिसू लागली आहे, तिची चौकट कारखान्यात पातळ पत्र्यांपासून वेल्डिंग करून आणतात आणि जागेवर बोल्टने जोडतात. तिचा खांब पायाशी अरुंद असतो, वर रुंदावत जातो. वासा वळचणीशी खोल, मग निमुळता, आढ्याकडे पुन्हा किंचित खोल. शेजारून बस जात असतानाही हे दिसते. जिथे परिबल जास्त तिथे खोली जास्त. नमन परिबलाचा आलेखच पोलादात कापून उभा केलेला असतो. पायाशी तो शून्याजवळ, कारण तिथे बिजागरी मानलेली आहे. सहलीला नेलेल्या मुलांना वहीत ही बाह्यरेषा काढायला सांगितली तर आलेख त्यांच्या हातून आपोआप उतरतो.

एक गोष्ट मात्र बेकर यांना खटकली असती. हे पत्रे इतके पातळ असतात की छेद पूर्ण नमण्याआधीच पत्रा सुरकुततो, बिजागरी तयारच होत नाही. मग भाराची वाटणी पडतेवेळी आपोआप सारखी होण्याचा लाभ मिळत नाही, आणि संगणक पुन्हा हूकच्या नियमाने सुरुवातीची वाटणी काढत बसतो. अशा चौकटीत पाया किती खचला आणि बोल्ट किती घट्ट बसला, हे पुन्हा विचारावे लागते.